दिल्लीचा फोड, धोतराची गाठ आणि चार मिलिमीटर त्वचा

दिल्लीच्या सरोजिनी नगरची देशभरातील ओळख स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली ही वसाहत पूर्वी विनयनगर या नावाने ओळखली जाई. तिच्यापासून थोड्याच अंतरावर, रिंग रोडला लागून, सफदरजंग रुग्णालयाचे विस्तीर्ण आवार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्यासाठी येथे इस्पितळ उभारले गेले. १९५४ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आले आणि १९५६ मध्ये समोर ‘एम्स’ सुरू होईपर्यंत दक्षिण दिल्लीतील मोठे रुग्णालय म्हणावे असे हे एकच होते. याच आवारात १९६५ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ‘इंडियन रजिस्ट्री ऑफ पॅथॉलॉजी’ स्थापन केली. १९८० मध्ये तिचे रूपांतर ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी’त झाले. भोपाळच्या वायुदुर्घटनेतील मृतांच्या ऊतींचा अभ्यास करणारे डॉ. एस. श्रीरामाचारी हे या संस्थेचे संस्थापक संचालक.

या आवारात त्वचेचे जे तुकडे तपासणीसाठी येतात, त्यांचा व्यास साधारणतः तीन ते चार मिलिमीटर असतो. मुगाच्या दाण्याएवढा ऐवज. तो काढायला काही मिनिटे लागतात. मात्र त्याच्यावरून निष्कर्ष काढण्याची विद्या घडायला शंभरहून अधिक वर्षे लागली. या विद्येच्या इतिहासात दिल्लीचे नाव फार लवकर येते, तेही एका फोडामुळे.

एकोणिसाव्या शतकातील लष्करी डॉक्टरांच्या लिखाणात ‘दिल्ली बॉइल’ हा शब्द वारंवार भेटतो. चेहऱ्यावर किंवा हातापायावर एक लालसर पुटकुळी उठते, हळूहळू फुटते, महिनोन्‌महिने चिघळत राहते आणि अखेर खोल व्रण ठेवून भरून येते. अलेप्पोत त्याला अलेप्पोचा फोड म्हणत, बगदादमध्ये बगदादचा. हिंदुस्थानात त्याचे नाते औरंगजेबाशीही जोडले गेले होते. दिल्लीत तैनात असलेल्या ब्रिटिश पलटणींना हा फोड इतका सतावत असे की त्याच्या कारणाचा शोध घेणे हे सरकारी काम होऊन बसले. पिण्याच्या पाण्यावर बराच संशय घेतला जाई.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी १८८५ साली दिल्लीच्या फोडाचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासला. ऊतीचे पातळ छेद घेतले, ते रंगवले आणि मोठ्या पेशींच्या आत दडलेले बारीक गोलसर कण त्यांना दिसले. हे कण परजीवी आहेत, हेही त्यांनी ओळखले. चूक झाली ती वर्गीकरणात. त्यांनी या जीवांना भलत्याच कुळात बसवले. १८९८ मध्ये ताश्कंद येथे बोरोव्स्की यांनी हे प्रजीव आहेत असे रशियन भाषेत प्रसिद्ध केले, आणि बाहेरच्या जगाने ते कित्येक वर्षे वाचलेच नाही. पुढे १९०३ साली बोस्टनमध्ये जेम्स होमर राइट यांनी एका लहानग्या अर्मेनियन रुग्णाच्या चेहऱ्यावरील व्रणाचा तुकडा तपासून तेच जीव पुन्हा वर्णिले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘दिल्ली सोअर’ हे शब्द आहेत. रुग्ण अर्मेनियाचा, रुग्णालय अमेरिकेतले आणि व्रण मात्र दिल्लीचा! त्याच वर्षी लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळ्या आजाराच्या रुग्णांच्या प्लीहेत असेच जीव पाहिले आणि या कुळाला लीशमॅनिया हे नाव मिळाले.

कनिंगहॅम यांची कामगिरी अपुरी म्हणून बाजूला सारली जाते, आणि ते अन्यायाचे आहे. डोळ्यांसमोरचा फोड पाहून पाणी की हवा असा वाद घालण्याऐवजी त्यांनी फोडाच्या आत पाहिले. अठरा वर्षे आधी पाहिले.

‘बायोप्सी’ हा शब्द तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी तो १८७९ साली घडवला: ग्रीक ‘बिऑस’ म्हणजे जीवन, ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणे. त्याआधी वैद्यकाला ऊतीचे दर्शन मुख्यतः शवविच्छेदनात होई. रोग कोणता, हे कळे. पण ज्याला कळायला हवे तो माणूस तोवर गेलेला असे. जिवंत माणसाचा तुकडा तपासून त्याच माणसासाठी निर्णय घ्यायचा, हा विचार त्या शब्दाने रूढ केला. तो शब्द त्वचारोगतज्ज्ञाने घडवावा हेही स्वाभाविकच, कारण यकृत किंवा फुप्फुस गाठण्यासाठी त्या काळी पोट किंवा छाती उघडावी लागे, त्वचा मात्र समोरच होती.

हत्यारही लवकरच आले. चेहऱ्यात रुतलेले बंदुकीच्या दारूचे कण खरवडण्याऐवजी गोल पात्याने एकेक टिपून काढण्याची युक्ती अमेरिकेत रुजली होती. न्यूयॉर्कचे एडवर्ड लॉरेन्स कीज यांनी १८८७ मध्ये अशा पोकळ, गोल पात्याचे वर्णन ‘क्युटेनियस पंच’ या नावाने केले. बोटांच्या चिमटीत धरून ते फिरवत आत उतरवायचे, की त्वचेची एक छोटी दंडगोल सुटी होते. आजचा ‘पंच’ म्हणजे तेच हत्यार, फक्त एकदा वापरून टाकून द्यायचे. वेदनेचा प्रश्न टप्प्याटप्प्याने सुटला. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्यासाठी कोकेन वापरले आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले, जे आजही टोचले जाते.

तुकडा टिकवायचा कसा, याचे उत्तर एका अपघातात मिळाले. जर्मनीचे फर्डिनांड ब्लूम १८९३ च्या सुमारास फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करता करता त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी ताठ झाली आणि त्यांच्या लक्षात आले की हे द्रावण ऊतीला जसेच्या तसे धरून ठेवते. आजही प्रत्येक तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. पुढे तो मेणात गोठवला जातो, मायक्रोटोमच्या पात्यावर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतले जातात आणि दोन रंगांत बुडवले जातात. हेमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून निघणारा रंग. युरोपात तो कापड रंगवण्यासाठी जहाजे भरून नेला जाई. इओसिन हा कारखान्यात बनलेला. पहिल्याने पेशीचे केंद्रक निळेजांभळे होते, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी. रंगाऱ्यांच्या भट्टीतली ही जोडी दीडशे वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत टिकून आहे.

भारतीय त्वचेकडे या साधनांनी पाहणाऱ्यांत अग्रभागी नाव येते ते वसंत रामजी खानोलकर यांचे. १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडनला विकृतिशास्त्र शिकले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. रुग्णालयात येणाऱ्या गाठी आणि व्रण तपासताना एक गोष्ट त्यांना खुणावू लागली. युरोपीय ग्रंथांत गोऱ्या माणसाचा त्वचेचा कर्करोग नाक, गाल, कान अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर होतो असे लिहिलेले होते. समोरच्या रुग्णांच्या कर्करोगाने मात्र वेगळ्याच जागा निवडल्या होत्या.

१९४५ मध्ये खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांचे तीन नवे प्रकार वर्णिले. त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग. जन्मभर कमरेला एकाच जागी करकचून बांधलेले धोतर, त्याखालचा घाम आणि धूळ, रोजचे घर्षण. कातडीचा रंग आधी उडतो, मग ती जाड आणि खरखरीत होते, तिच्यावर न भरणारे क्षत पडते आणि वर्षानुवर्षांनी त्याच पट्ट्यात स्क्वेमस पेशींचा कर्करोग उभा राहतो. उरलेले दोन प्रकार तोंडातले: पेटते टोक आत ठेवून चुट्टा ओढण्याच्या सवयीने टाळूला होणारा, आणि खैनीने ओठामागे होणारा. काश्मीरमधले उदाहरण त्याहून जुने आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच फिरनखाली बाळगलेल्या कांगडीच्या धगीमुळे पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी परकराची नाडी आणि साडी जिथे घट्ट बसते तिथे बायकांमध्ये तसाच विकार नोंदवला.

कमरेच्या काळवंडलेल्या किंवा पांढुरक्या पट्ट्याला कोण डॉक्टरकडे नेईल? नेसूचा वळ तो, सगळ्यांनाच असतो. खानोलकरांच्या निबंधाचे मोल नव्या रोगाच्या नावापेक्षा या प्रश्नात अधिक आहे. संशय कोणत्या जागेचा घ्यायचा हे आयात केलेल्या पुस्तकावरून ठरत नाही. त्यासाठी आपल्याकडची माणसे काय नेसतात, काय ओढतात, कशावर शेकतात हे पाहावे लागते. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसेल, पण तो कुठून कापायचा हे आधी कळायला हवे.

तिळाच्या बाबतीत हीच अडचण अधिक जीवघेणी ठरते. मराठी घरांत तिळाचा विचार होतो तो सामुद्रिकाच्या अंगाने: ओठावरचा कसला, तळपायावरचा कसला, कोणता प्रवासाचा आणि कोणता धनाचा. वैद्यकाने तिळाकडे संशयाने पाहायला सुरुवात केली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. काळ्या गाठींना ‘मेलानोज’ हे नाव रने लाएनेक यांनी दिले; स्टेथोस्कोप शोधणारे तेच हे. १८२० मध्ये विल्यम नॉरिस या इंग्लिश डॉक्टरने एका रुग्णाची हकीकत लिहिली. पोटावरच्या तिळातून उगवलेली गाठ, वडिलांनाही तसलाच आजार, आणि घरातल्यांच्या अंगावर पुष्कळ तीळ. रोग तिळातून येऊ शकतो आणि तो घराण्यात उतरू शकतो, हे दोन्ही धागे त्यात आहेत.

एखादा तीळ बेढब आहे, कडा अस्पष्ट आहेत, रंग एकसारखा नाही, व्यास सहा मिलिमीटरहून मोठा आहे, अशी चार लक्षणे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये लोकांना लक्षात ठेवता येतील अशा अक्षरांत बांधून दिली. बदलत जाणारा तीळ हे पाचवे लक्षण नंतर जोडले गेले आणि अनेकांच्या मते तेच सर्वांत कामाचे. पण ही सूत्रे घडली ती गोऱ्या त्वचेवर. भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी रुग्ण. जो होतो तो बहुधा तळपाय, तळहात आणि नखाखाली, म्हणजे ज्या भागांकडे आरशात पाहताना कोणाचे लक्षच जात नाही. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेवरचा काळा डाग काट्याचा, चिखलाचा किंवा भेगेचा वाटतो. नखावरची काळी रेघ दाराच्या फटीत बोट सापडल्याची खूण समजली जाते. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच नखाच्या या काळ्या रोगाविषयी सावध केले होते. तरी १९७७ साली गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरचे क्षत आधी फुटबॉलची जखम मानले गेले. तुकडा तपासला तेव्हा तो मेलानोमा निघाला. १९८१ च्या मे महिन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी ते वारले.

नखावरची प्रत्येक काळी रेघ घातक नसते, हेही सांगायला हवे. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर अशा रेघा असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीवर ओघळलेली रेघ मात्र डॉक्टरला सुरी हाती घ्यायला लावते.

आणि सुरी म्हटली की भीती येते. ‘हात लावला की पसरतो’ हा समज घरोघरी आहे, आणि तो केवळ अडाणीपणाचा नाही. अर्धवट कापलेल्या मेलानोमातून पेशी रक्तात जातील का, हा प्रश्न शल्यविशारदांनीही दीर्घकाळ गंभीरपणे घेतला होता. ज्यांची गाठ आधी थोडी कापून तपासली आणि ज्यांची एकदम काढली, अशा रुग्णांची तुलना झाली तेव्हा आधी तुकडा काढल्याने आयुष्य कमी होत असल्याचे आढळले नाही. तरीही शक्य असेल तर संशयित तीळ एक ते तीन मिलिमीटर कडेसह संपूर्ण काढावा असा प्रघात आहे, पण त्याचे कारण निराळे. १९७० मध्ये वॉशिंग्टनचे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवले की मेलानोमाचे भवितव्य त्याच्या पसरटपणापेक्षा जाडीवर ठरते. सूक्ष्मदर्शकातल्या मोजपट्टीने त्यांनी ती मिलिमीटरच्या अंशांत मोजली. ०.७६ मिलिमीटरहून पातळ असलेल्या गाठींचे रुग्ण बहुधा वाचत. आजच्या वर्गीकरणात ही सीमा ०.८ मिलिमीटर आहे. वरवर खरवडून काढलेल्या तुकड्यात तळ सापडत नाही, खोली मोजता येत नाही, आणि पुढे किती कापायचे हे ठरवायला आधार उरत नाही. मस किंवा तीळ जाळून देणाऱ्याकडे गेलेल्या रुग्णाचे नुकसान नेमके इथे होते: जळालेल्या ऊतीचे छेद घेता येत नाहीत.

भारतात मात्र त्वचेवरच्या डागाने डॉक्टरच्या मनात पहिला संशय येतो तो बहुधा मेलानोमाचा नसतो. फिकट चट्टा दिसला की आधी कुष्ठरोग आठवतो, आणि तो आठवणे योग्यच आहे. खानोलकरांनीही कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाच्या ऊतींचा अभ्यास केला. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतून काढलेल्या तुकड्यांत जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंशी कसा सलगी करतो, हे त्यांच्या कामाचे मुख्य सूत्र होते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९५१ मध्ये तो अभ्यास स्वतंत्र अहवाल म्हणून छापला. परंतु कुष्ठरोगाचे हुबेहूब सोंग घेणारा आणखी एक विकार आहे आणि त्याची कथा पुन्हा सरोजिनी नगरच्या शेजारी येऊन पोहोचते.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात युरिया स्टिबामाइन हे काळ्या आजारावरचे औषध तयार केले. त्यातून हजारो जीव वाचले. १९२२ मध्ये त्यांनीच एक विचित्र गोष्ट नोंदवली. काळ्या आजारातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या अंगावर काही काळाने फिकट चट्टे आणि गाठी उठत होत्या, आणि त्यांत लीशमॅनिया जिवंत होता. ताप गेला, प्लीहा ओसरली, परजीवी मात्र कातडीत मुक्कामाला राहिला. भारतात काळ्या आजाराच्या बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना हा विकार सहा महिन्यांपासून कित्येक वर्षांनंतर कधीही होतो. चट्ट्याला खाज नाही, दुखणे नाही. कुष्ठरोगातल्यासारखी बधिरताही नाही, आणि तपासणाऱ्याने स्पर्श तपासला तर हाच फरक हाताशी असतो. पण चेहऱ्यावरच्या गाठी पाहून कित्येकांना कुष्ठरोगाची औषधे सुरू होतात. ती बारा महिने चालतात, आणि लीशमॅनियाचे त्याने काहीच बिघडत नाही. शिवाय गावात कुष्ठरोगी हे नाव लागते ते वेगळेच.

बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेशातून कामासाठी दिल्लीत आलेली माणसे असे चट्टे घेऊन सफदरजंगच्या त्वचारोग विभागात येत राहिली. तेथे डॉ. व्ही. रमेश यांनी या रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याच आवारातल्या संस्थेत डॉ. पूनम सालोत्रा आणि त्यांचे सहकारी त्यांच्या त्वचेचे तुकडे तपासत होते. फुगीर गाठीच्या तुकड्यात परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. नुसत्या फिकट चट्ट्यात मात्र तो इतका विरळ असतो की छेदामागून छेद पाहूनही हाती काही लागत नाही. इथे रंगाऱ्यांची जुनी जोडी अपुरी पडते. २००१ मध्ये सालोत्रा यांच्या गटाने लीशमॅनिया डोनोव्हनीचा डीएनए हुडकणारी पीसीआर चाचणी प्रसिद्ध केली. कातडीच्या त्याच इवल्याशा तुकड्यातून परजीवीचा जनुकीय ठसा लाखो पटींनी वाढवून वाचता येऊ लागला. जे डोळ्याला दिसत नव्हते त्याची खात्री देता येऊ लागली.

खात्री आवश्यकच होती, कारण उपचार खडतर होते. अँटिमनीची इंजेक्शने या विकारात रोज, जवळपास चार महिने घ्यावी लागत. पुढे तोंडाने घ्यायचे मिल्टेफोसिन आले, तरी तेही बारा आठवडे. अंगाला कसलाही त्रास नसलेल्या मजुराने एवढे सोसावे, रोजगार बुडवावा, तर त्याला निदान पक्के सांगता आले पाहिजे. आणि त्याने सोसले नाही तर? वालुमाशी अशा चट्ट्यातून परजीवी उचलते आणि दुसऱ्याच्या रक्तात सोडते. काळ्या आजाराच्या निर्मूलनाचे भारतातील उद्दिष्ट तालुक्यासारख्या प्रत्येक ‘ब्लॉक’मध्ये दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण असे आहे. तापाचे रुग्ण घटत गेले, तसतसे या न दुखणाऱ्या चट्ट्यांचे वजन वाढत गेले, कारण दोन साथींच्या मधल्या काळात परजीवी तिथेच तग धरून राहतो.

तुकड्याच्या बाटलीबरोबर एक कागद जातो. वय, चट्ट्याची जागा, किती दिवसांपासून, स्पर्श कळतो की नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात हा कागद अनेकदा अर्धाच भरला जातो. त्यावर गावाचे नाव आणि ‘पूर्वी काळा आजार, उपचार पूर्ण’ एवढे लिहिलेले असले, तर पलीकडचा विकृतितज्ज्ञ कुष्ठरोगाच्या जंतूंसाठीचा रंग तर लावतोच, पण मोठ्या पेशींच्या आत दडलेले ते गोलसर कणही शोधतो, आणि सापडले नाहीत तर उरलेला तुकडा पीसीआरसाठी पाठवतो.